ओळ पंचावन्न

१

माझ्या नाकावर राग आहे असं घरात सगळे म्हणायचे. असेल. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कंपनीत तक्रारींच्या टेबलावर बसून बघा, मग बोला. सकाळची पाळी, कानाला फोन, पलीकडून कुणीतरी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय आणि मी म्हणतोय, बरोबर आहे साहेब, माफ करा साहेब. पंप मी बनवला नाही, मी बसवला नाही, आतून कसा दिसतो तेही मला माहीत नाही. पण माफी माझी. हा गिळलेला राग घेऊन मी दुपारी घरी यायचो आणि तो कुठून तरी बाहेर पडायचाच. वाटेत चप्पल दिसली की पडायचा, टीव्हीचा आवाज मोठा असला की पडायचा.

त्यावर औषध एकच होतं, मागची खोली.

तिथे माझे जुने कॉम्प्युटर होते. कीबोर्ड म्हणजेच अख्खा कॉम्प्युटर, तो घरच्या टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून चढवायचा, त्या काळातले. भंगारातून आणलेले, कुणाच्या माळ्यावरून उतरवलेले. मी ते उघडायचो, धूळ काढायचो, फुगलेले कपॅसिटर बदलायचो, पिवळी पडलेली प्लॅस्टिकची झाकणं औषध लावून उन्हात ठेवायचो आणि पांढरी करायचो. मेलेल्या मशीनच्या पडद्यावर कर्सर लुकलुकायला लागला की छातीतलं काहीतरी सैल व्हायचं. त्या वेळी मला कुणी हाक मारलेली खपायची नाही.

आणि हाक नेमकी तेव्हाच यायची, कारण ती खोली खारूला हवी होती.

खारू माझी मुलगी. लहानपणी सोफ्यावरून कपाटावर उड्या मारायची म्हणून खारू. आता तेरा वर्षांची झाली होती. हॉलमधल्या दिवाणावर झोपायची, जेवायच्या टेबलावर अभ्यास करायची. बायको शांतपणे म्हणायची, "तिला बंद करायला एक दार हवं हो. एवढंच." मी म्हणायचो, मग मी काय गच्चीवर जाऊन बसू? मग आवाज चढायचा, माझाच. खारू पुस्तकात तोंड खुपसायची, बायको भांडी आवरायला घ्यायची आणि पुढे बरेच दिवस कुणी विषय काढायचं नाही. म्हणजे मी जिंकायचो.

२

दुरुस्त केलेलं मशीन धड चालतंय का हे बघायला या छंदातल्या प्रत्येकाचा एक ठरलेला प्रोग्रॅम असतो. माझा खारूने केलेला होता. सहा वर्षांची होती, माझ्या मांडीवर बसली आणि म्हणाली, मला घर काढायचंय. मी सांगत गेलो, ती एका बोटाने टाइप करत गेली.

हे प्रोग्रॅम ओळींचे असतात आणि प्रत्येक ओळीला नंबर असतो. नंबर दहा, वीस, तीस असे सोडून द्यायचे, म्हणजे मागाहून काही सुचलं तर मध्ये पंधरा किंवा पंचवीस नंबरची ओळ घुसवता येते. ओळ नको झाली तर तिचा नुसता नंबर टाइप करून एंटर दाबायचं, की ती गेली. आणि मध्येच घुसवलेल्या ओळींनी गचडी झाली तर 'रीनंबर' म्हणायचं, मशीन सगळ्या ओळींना नव्याने दहा, वीस, तीस लावून देतं. माझ्या बोटांना त्या रीनंबरची खोडच होती. जेवायला बसण्याआधी काही लोक ताट पुन्हा पुसून घेतात, तसं.

खारूच्या घराच्या सहा ओळी होत्या. दहाने भिंती, वीसने छप्पर, तीसने दार. चाळीसने आई, म्हणजे एक उभी रेघ. पन्नासने ती स्वतः, आईच्या जवळच, छोटी रेघ. साठने मी, सगळ्यांत उंच. मला तिने मागच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून उभं केलं होतं. मला एकट्यालाच का गं लांब ठेवलंस, असं विचारलं तर म्हणाली, "तू मागच्या खोलीत असतोस ना." मला केवढं हसू आलं होतं तेव्हा.

हा प्रोग्रॅम मी कधी कॅसेटवर ठेवला नाही. दर वेळी हाताने टाइप करायचो. सहा ओळी बोटांना पाठ होत्या. मशीन बंद केलं की त्याच्या डोक्यातून सगळं पुसलं जायचं, आणि पुढच्या वेळी मी पुन्हा कोऱ्या पडद्यावर घर बांधायचो.

३

ते मशीन भंगारवाल्याने एका गोणीतून आणलं. आत कोळ्यांची जाळी आणि एक मेलेलं झुरळ. कुठल्या घरातून उचललं ते त्याला आठवत नव्हतं आणि मलाही त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. मी ते धुतलं, सुकवलं, वीजपुरवठ्याचा भाग बदलला. एका दुपारी कर्सर लुकलुकला. मी सहा ओळी टाइप केल्या आणि 'रन' म्हटलं.

घर उमटलं. भिंती, छप्पर, दार, आई, खारू, कोपऱ्यात मी. आणि घराच्या बाहेर, पडद्याच्या अगदी काठाला, आणखी एक उभी रेघ.

काहीतरी चुकीचं टाइप झालं असणार म्हणून मी 'लिस्ट' म्हटलं. पडद्यावर ओळी सरकल्या. पन्नासच्या खाली पंचावन्न होती आणि तिच्याखाली साठ. पंचावन्न हुबेहूब माझ्याच ओळीसारखी होती, तीच उंची, फक्त उभं राहण्याची जागा दाखवणारा आकडा वेगळा. मी पंचावन्न टाइप करून एंटर दाबलं. पुन्हा रन केलं. बाहेरची रेघ गेली. ऑफिसात डोकं पिकलं की हात असे चुकतात, असं म्हणून मी मशीन बंद केलं.

बाहेर आलो तर बायको गॅसपाशी उभी होती. गालातल्या गालात हसून म्हणाली, "नळ मस्त झाला हं. थेंब नाही आता."

स्वयंपाकघरातला तो नळ कितीतरी दिवस टिपटिपत होता आणि त्यावरून आमची वादावादीही झाली होती. मी म्हणालो, मी हात लावलेला नाही नळाला. तिला वाटलं मी भाव खातोय. मला वाटलं ती टोमणा मारतेय. झालं, जेवण होईपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही.

४

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं. पडदा कोरा, हवा तसा. या वेळी मी एकेक ओळ टाइप करून ती वाचली, मगच पुढे गेलो. बरोबर सहा. रन केलं.

रेघ काठावरून आत आली होती. दाराच्या समोर, पाहुणा बेल वाजवून थांबतो तशी. लिस्टमध्ये पुन्हा पंचावन्न.

माझं डोकं तसं सरळ चालतं. मशीनला स्वतःची आठवण नसते, वीज गेली की गेलं. तेव्हा हा मेमरीच्या चिपचा दोष. मी सगळ्या चिपा काढल्या, दुसऱ्या चालू मशीनच्या लावल्या. पंचावन्न आली. टीव्ही बदलला. पंचावन्न आली. कीबोर्डखालची पातळ पट्टी बदलली, की एखादं बटण आपोआप दाबलं जात असेल. पंचावन्न आली, आणि रेघ आता दाराच्या चौकटीत होती. मी पुसायचो, ती जायची, मशीन बंद करून पुन्हा लावलं की परत. दर वेळी एक पाऊल आत.

भीती वाटली का? नाही, खरं सांगतो, राग आला. कुणीतरी माझी चेष्टा करतंय, याचा राग. तळपायाची आग मस्तकात गेली. ही मशीनं कळणारा माझ्या ओळखीत एकच माणूस होता, माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आम्ही एकाच वाड्यात वाढलो, लहानपणी आम्हीच दोघे एका कॅसेटवर खेळ भरायचो. रविवारी तो येऊन गेला होता आणि मी अंघोळीला गेलो तेव्हा एकटाच खोलीत होता. मी त्याला फोन लावला आणि चांगला फैलावर घेतला. आत काही बसवलंयस का, चिप घातलीयस का? तो शपथा घ्यायला लागला. मी म्हणालो, चोराच्या उलट्या बोंबा. शेवटी त्याचाही आवाज चढला.

"भाऊजी, परवा फोनवर किती प्रेमाने बोललात तुम्ही. म्हणालात, आता चिडायचं नाही असं ठरवलंय. आणि आज हे?"

मी परवा त्याला फोन केला नव्हता. आठवडाभर केला नव्हता. तसं सांगितलं तर तो जपून बोलायला लागला, आजारी माणसाशी बोलतात तसं. मी फोन आपटला.

५

नंतर खारू. ती दुपारी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि माझ्या गळ्यात हात टाकून उभी राहिली. सातवीत गेल्यापासून तिने असं केलं नव्हतं. मला काय करावं कळेना.

"काय गं?"

"काही नाही. काल तू सॉरी म्हणालास ना, म्हणून."

मी काय म्हणालो आणि कुठे म्हणालो, हे मी तिच्याकडून काढून घेतलं. काल दुपारी, गॅलरीत. ती कपडे काढत होती, मी येऊन दोरीच्या दुसऱ्या टोकापासून काढायला लागलो. म्हणालो, मी सारखा ओरडतो, चुकतंच माझं. मग आम्ही दोघांनी चादरीची घडी घातली, ती एका टोकाला आणि मी दुसऱ्या. सांगताना तिचा चेहरा उजळला होता.

काल दुपारी मी मागच्या खोलीत चिपा बदलत होतो. दाराला आतून कडी होती.

मी तिला तसं सांगायला हवं होतं का? मला अजून कळत नाही. माझ्या तोंडून एवढंच निघालं, की मी असलं काही बोललो नाही, स्वप्न पडलं असेल तुला. तिने हात काढून घेतले. दप्तर उचललं, टेबलाशी जाऊन बसली. पुस्तक उघडलं पण पान उलटलं नाही. मला स्वतःचा राग आला, मग तिचा, मग त्या माणसाचा, जो माझं तोंड घेऊन माझ्याच पोरीची माफी मागत फिरत होता. चोरी करायची तर भांडीकुंडी न्यावीत. हा आमच्या घरात काहीतरी ठेवून जात होता, आणि ते ठेवायला जागा करत होता.

त्या दिवशी रेघ दारातून आत आली होती.

६

रविवारी मी ठरवून पहारा ठेवला. खोलीचं दार बोटभर उघडं, मी आत खुर्चीवर, मशीन बंद. खारू मैत्रिणीकडे गेली होती. घरात बायको आणि मी, दोघंच. भरदुपार होती, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, कुणाच्या तरी घरात शिलाई मशीन चालत होतं. अशा वेळी भुताखेतांचं नाव काढणाऱ्याला मी वेड्यात काढलं असतं.

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज यायला लागला. ती बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची. फोनवर असेल. मग ती हसली. हे हसू माझ्या ओळखीचं होतं, पण जुन्या ओळखीचं. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती असं हसायची. ती थांबायची त्या वेळात दुसरा आवाज होता, हळू, खालच्या पट्टीतला. शब्द कळत नव्हते. आपला आवाज रेकॉर्ड करून ऐकला की परका वाटतो ना, तसा तो मला परका वाटत होता.

मी उठलो आणि चार ढांगांत स्वयंपाकघर गाठलं. बायको एकटी होती, टेबलाशी. फोन दूर ओट्यावर चार्जिंगला लावलेला. तिच्यासमोर चहाचे दोन कप होते. पलीकडचा अर्धा प्यालेला, वर वाफ. त्याच्यासमोरची खुर्ची मागे सरकवलेली.

मी विचारलं, कोण होतं इथे? मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना तो कप माझ्या हातात होता आणि मग तो भिंतीवर होता.

"अहो," ती म्हणाली. ती रडत नव्हती, तेच वाईट होतं. "आत्ता किती बरं बोलत होतात. खोलीचं पण कबूल केलंत. तेवढ्यात काय झालं तुम्हाला?"

मी खोलीचं काही कबूल केलेलं नव्हतं. मी ते ओरडून सांगितलं, सबंध इमारतीला ऐकू जाईल असं. शिलाई मशीन थांबलं. बायको खाली बसून कपाचे तुकडे वेचायला लागली आणि मी तिला मदत केली नाही. आयत्या बिळावर नागोबा येतोय आणि घरची माणसं त्याला चहा पाजतायत, माझ्या डोक्यात एवढंच घुमत होतं.

७

खोलीत आलो, दाराला कडी घातली, मशीन लावलं. सहा ओळी अशा बडवल्या की बटणं खिळखिळी झाली. रन.

रेघ आई आणि खारूच्या मधोमध उभी होती. तिघं एकमेकांना लागून. कोपऱ्यात मी.

आज हिचा निकालच लावायचा. रागात बोटं आपली आपण चालतात, आणि माझ्या बोटांनी आधी त्यांची जुनी खोड केली, रीनंबर. मग लिस्ट. पडद्यावर ओळी आल्या, स्वच्छ, एकसारख्या. दहापासून सत्तरपर्यंत.

सत्तर. खारूच्या घरात सत्तर नावाची ओळ कधीच नव्हती. साठ म्हणजे मी, इतकी वर्षं साठ म्हणजे मी, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. उपरी तीच, सत्तर. ओळीपुढचे आकडे मी वाचले नाहीत. वाचायला हवे होते. या नादातला कालचा पोरगाही आधी वाचतो आणि मग पुसतो. मी सत्तर टाइप केलं आणि एंटरवर मूठ मारली.

मग मी रन म्हटलं.

भिंती, छप्पर, दार. आई, खारू, आणि एक उंच रेघ. तीन माणसं, पाहिजेत तेवढीच. मी खुर्चीत मागे रेललो. अंगातला राग उतरला, कधी नव्हे ते पूर्ण उतरला, आणि मला वाटलं की बाहेर जावं, बायकोपाशी बसावं, कपाचं काहीतरी बोलावं.

मग माझी नजर पडद्यावरच्या कोपऱ्याकडे गेली. कोपरा रिकामा होता. उंच रेघ आई आणि खारूच्या मध्ये होती.

रीनंबरने पंचावन्नची साठ केली होती, आणि साठची सत्तर. मी मला पुसलं होतं.

त्याला पुसायला मी घाईने साठ नंबर टाइप करायला हात पुढे केला. हात पुढे गेला असं मला वाटलं. बटणं दबली नाहीत.

८

बाहेर दाराची बेल वाजली. खारू परत आली. बायकोने दार उघडलं, दोघी काही बोलल्या, आणि मग तिसरा आवाज त्यांच्यात मिसळला. आता शब्द कळत होते. तो म्हणत होता, कप मी फोडला, चुकून, तुझ्या आईला लागलं नाही ना ते मी बघितलंय. मग म्हणाला, चल, तुला एक गंमत दाखवतो.

मी दाराला कडी घातली होती. ती माझ्या डोळ्यांदेखत सरकली नाही, तशीच होती, आणि दार उघडलं.

खारू उंबऱ्यात उभी होती. तिच्या मागे तो. मला तो अर्धाच दिसला. माझा निळा शर्ट, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, तिच्या डोक्यावर ठेवलेला हात. माझाच हात, सोल्डरिंगने भाजलेला जुना डाग अंगठ्यापाशी. चेहरा चौकटीच्या आड होता. मी वाकून बघायचा प्रयत्न केला आणि मला वाकता आलं नाही. मला ते तोंड बघायचं होतं. अजून बघायचंय.

मी ओरडलो. तक्रारींच्या टेबलावर गिळलेलं सगळं, पंपांचं, साहेबांचं, मेहुण्याचं, त्या कपाचं, सगळं एकदम ओरडलो. खारू, तो मी नाही, मी इथे आहे, त्याचा हात झटक. आयुष्यात पहिल्यांदा मी बरोबर कारणासाठी ओरडत होतो.

तिने कान टवकारले. "बाबा, इथे काहीतरी गुणगुणतंय."

"टीव्हीचा आवाज असेल. मशीनं उद्या हलवू. भंगारवाल्याला सांगितलंय मी."

ती आत आली. माझ्या इतक्या जवळून गेली की तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत तिने नजर टाकली, पलंग इथे, टेबल खिडकीपाशी. मग एकदम थांबली आणि मागे वळून त्याच्याकडे बघितलं. क्षणभर तिच्या कपाळाला आठी पडली. माझ्या पोटात आशा हलली.

"तू चिडत नाहीयेस," ती म्हणाली. "या खोलीचं नाव काढलं की चिडायचास ना तू?"

"मी? कधी?"

तिने आठवून बघितलं. मनापासून आठवून बघितलं पोरीने, ओठ चावून, डोळे बारीक करून. मी ओरडत होतो, मागचं एकेक भांडण तिला सांगत होतो, आपटलेली दारं, टाकलेले शब्द, तिला रडवलं ते सगळं, एकही न गाळता.

"नाही आठवत," ती म्हणाली, आणि हसून पडद्यासाठी खिडकीचं माप घ्यायला लागली.